पांढरा रुमाल

मिस्त्रींनी रुमालाची चार टोकं तारेच्या कड्याला बांधली, कडं लांब काठीच्या टोकाला अडकवलं आणि काठी बसच्या मागच्या, धुराच्या नळकांड्यापाशी धरली.

"मार!" ते ओरडले.

ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या टायरवाल्याने पाय दाबला. इंजिन गुरगुरलं, रुमाल फुगला आणि मिस्त्री मोठ्याने आकडे मोजायला लागले. तीस झाल्यावर त्यांनी हात वर केला, काठी खाली घेतली, रुमाल सोडवला आणि डेपोची हवा तपासायला आलेल्या बाईंच्या पुढ्यात धरला.

"घ्या, बघा. आहे कुठे काळं?"

बाईंनी रुमालाला हात लावला नाही. त्यांच्या खांद्याला पिवळ्या रंगाची एक पेटी लटकत होती आणि पेटीतून निघालेली बोटभर जाडीची नळी त्यांनी शेडच्या हवेत उंच धरली होती. त्या पेटीवरचा आकडा बघत होत्या. बघितला, वहीत लिहिला, पुन्हा बघितला. मिस्त्रींचा हात तसाच पुढे राहिला. शेवटी त्यांनी रुमाल स्वतःच झटकला आणि खिशात कोंबला. काय माणूस आहे, त्यांच्या मनात आलं, समोर पुरावा धरलाय आणि ही डबा बघत बसलीय!

आता रुमालाची ही परीक्षा काही कुठल्या पुस्तकातली नव्हती. ती मिस्त्रींची स्वतःची. एकतीस वर्षं ते या बस डेपोत होते. रुमालावर डाग मधोमध पडला की एक दुखणं, कडेला पसरला की दुसरं, तेलकट निळसर आला तर इंजिन उघडायची वेळ झाली. यंत्रं आणून तासन्‌तास झटणारे इंजिनियर जे सांगायचे, ते मिस्त्री तीस आकड्यांत सांगायचे, आणि चुकायचे नाहीत. डेपोतली माणसं त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे रुमाल. "रुमाल आला का रे?" "रुमाल आज तापलाय, जपून." मिस्त्रींना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आठ महिन्यांपूर्वी डिझेलमध्ये घालायचं औषध आलं. औषध हा डेपोतला शब्द. डब्यावर भलंमोठं नाव होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. तपकिरी पातळ पदार्थ, टाकीत मापाने ओतायचा. त्यात धातूची इतकी बारीक पूड असते की डोळ्यांना दिसत नाही, तिच्यामुळे काजळी इंजिनातच जळून जाते आणि डिझेलही कमी लागतं, असं विकायला आलेला माणूस घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता. डेपोच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिस्त्रींकडे वळून एवढंच विचारलं, "रुमाल काय म्हणतो?"

रुमाल पहिल्या आठवड्यात करडा झाला. महिन्याने फिका. दोन महिन्यांनी धुतल्यासारखा पांढरा. साहेबांनी सगळ्यांसमोर मिस्त्रींशी हात मिळवला. मिस्त्री त्या दिवशी घरी गेले ते छाती काढूनच.

मग एकातून एक गोष्टी होत गेल्या. शेडचं मोठं सरकतं दार पूर्वी कडाक्याच्या थंडीतही उघडं ठेवावं लागायचं, नाहीतर पहाटे इंजिनं तापवताना माणसं गुदमरायची. आता धूरच नाही म्हटल्यावर दार बंद व्हायला लागलं. शेजारच्या इमारतींतून आवाजाच्या तक्रारी यायच्या, त्याही थांबल्या. तोंडाला बांधायच्या पट्ट्या खिळ्याला टांगल्या गेल्या त्या तिथेच धूळ खात राहिल्या. आणि कुठली बस कधी आली, कधी गेली ते लिहिणारी केबिन पटांगणातल्या गळक्या खोलीतून उचलून शेडच्या आतल्या कोपऱ्यात आणली, उबेला.

त्या केबिनमध्ये मिस्त्रींची सून बसायची.

मिस्त्रींचा मुलगा लांब पल्ल्याची गाडी चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. सून मात्र सासऱ्यांबरोबर एकाच वेळी घरातून निघायची आणि डेपोच्या फाटकातून आत आली की त्यांना बाबा म्हणायची बंद व्हायची. "मिस्त्री, बारा नंबर अजून तयार नाही? मी काय लिहू, मिस्त्री चहा पितायत म्हणून लिहू?" असं ती माईकवरून सगळ्या शेडला ऐकवायची, आणि शेड हसायची. तिला सहावा महिना लागला होता. मुख्य कार्यालयात बदलीचा अर्ज तिने दिवस राहिल्यावरच केला होता, मंजूरही झाला होता. पण तिकडे जायला दोन बस बदलून सव्वा तास. तिने घरी विचारलं, "बाबा, काय करू? केबिन आता शेडमध्ये नेतायत. तिथलं मला सोसेल ना?"

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला आणि जेवणाच्या टेबलावर अंथरला. "हा घे. यावर वाढ मला जेवायला. सव्वा तास धक्के खात जायचं आणि यायचं, या अशा अवस्थेत? त्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर बस."

ती हसली. अर्ज काही तिने मागे घेतला नाही, पण जायचं लांबवत राहिली. जागा महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी ठेवली होती. महिना संपायला आता चार दिवस उरले होते.

"काका, एक विचारू?" पेटीवाल्या बाईंनी वही मिटली. "रुमालाचं कापड पाण्यात धरलं तर पाणी थांबतं का?"

"थांबेल कसं?"

"पण पाण्यात वाळू असली तर?"

"वाळू राहील कापडावर."

"बरोबर. पूर्वीची काजळी वाळूसारखी होती. मोठी, एकमेकींना चिकटलेली. ती तुमच्या रुमालावर राहायची. आता जे बाहेर पडतंय ते बरंचसं इतकं बारीक आहे की रुमालातून आरपार जातं. वजन केलं तर काहीच भरत नाही. पण संख्या मोजली..." त्यांनी पेटी मिस्त्रींकडे वळवली. "मघाशी मी बाहेर रस्त्यावर मोजलं. सापशिडीच्या एका फाशाएवढ्या हवेत वीस हजार कण. रहदारीचा रस्ता आहे, तेवढे असायचेच. हा इथला आकडा."

मिस्त्रींनी चष्मा वर केला. तीन लाख चाळीस हजार.

"डबा बिघडला असेल," ते म्हणाले.

"मलाही तेच वाटलं, म्हणून दोनदा बघितलं." बाई हसल्या, पण थट्टेने नाही. "नवीन बसना मागे गाळणी असते, ती बरंचसं अडवते. तुमच्या या जुन्या गाड्या. यांना ती नाही. आणि काका, धातू काही जळून नाहीसा होत नाही. इंजिनातून निघाला की कुठेतरी जाऊन बसतोच. म्हणून तर मी तपासायला गाड्या धुण्याच्या नालीतला गाळ घेतला, कुंपणाखालची माती घेतली."

"आणि माणसाच्या आत गेला तर?"

"नाकात अडकण्याइतका मोठा नसतो तो. खोल जातो. उंदरांना हुंगवलं तेव्हा त्यांच्या फुप्फुसांना सूज आलेली दिसलीय. माणसाने वर्षानुवर्षं घेतला तर काय होतं, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही."

"म्हणजे वाईटच असेल असं नाही."

"ठाऊक नाही म्हटलं, काका. चांगलं आहे असं नाही म्हटलं."

मिस्त्रींनी मान हलवली आणि ते दहा नंबरच्या गाडीकडे निघून गेले. तिथे गेल्यावर आपण कशाला आलो ते त्यांना आठवेना. मग पंधरा नंबरकडे गेले. मग पाणी प्यायला. पाण्याच्या नळापासून केबिनची काच दिसायची. आत सून एका हाताने लिहीत होती आणि दुसरा हात पोटावर होता. काचेला खाली बोटभर फट होती, वायर आत घ्यायला मिस्त्रींनीच ठेवलेली. ती फट त्यांनी रोज पाहिली होती. आज ती त्यांना खिंडाराएवढी दिसायला लागली. चिंधी आणून त्यांनी ती बुजवली.

"काय हो मिस्त्री, मला डबाबंद करताय का?" आतून सून म्हणाली.

"गार वारा येतो."

"शेडमध्ये वारा? दार तर बंद आहे!"

त्या दिवशी त्यांनी तिला तीन वेळा काही ना काही निमित्ताने बाहेर पाठवलं. एकदा साहेबांची सही आणायला, एकदा फाटकावर कुणीतरी आलंय म्हणून, एकदा निव्वळ पाय मोकळे करायला. तिसऱ्या वेळी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, तुम्ही बरे आहात ना? दुपारपासून नुसते पिंजऱ्यातल्यासारखे फिरताय." डेपोत ती पहिल्यांदाच बाबा म्हणाली होती. सांगून टाकावं, अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी टेबलावर अंथरलेल्या फडक्याला काही कळत नव्हतं? ज्या फडक्याच्या जिवावर एकतीस वर्षं मान ताठ ठेवली, त्यातून सगळं आरपार जात होतं?

संध्याकाळी ते साहेबांकडे गेले.

"साहेब, पहाटे दार जरा उघडं ठेवूया का?"

"का? रुमाल काळा आला?"

"नाही."

"मग? लोक पुन्हा तक्रारी करतील, इंजिनं गार पडतील. त्या बाई अजून दोन दिवस मोजणार आहेत. त्यांचा कागद चांगला आला की बाकीच्या चारही डेपोंत औषध सुरू. तुमचंच नाव होणार आहे, मिस्त्री. आता मध्येच काय काढलंत हे?"

"काही नाही. सहज."

पुढचे दोन दिवस बाईंना दुसरीकडे काम होतं. म्हणून पेटी त्यांनी त्याच संध्याकाळी केबिनमध्ये टेबलावर ठेवली. दोन दिवस ती आपली आपण मोजणार होती. जाताना मिस्त्रींना बजावून गेल्या, "सगळं रोजच्यासारखं चालू द्या. काही बदलू नका. नाहीतर मोजण्याला अर्थ राहणार नाही."

मिस्त्री हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी ते शेडमध्ये आले, दार पूर्ण उघडलं, खिशातून जाडसर बोल्ट काढला आणि दाराच्या खालच्या रुळात हातोडीने ठोकून बसवला. आता दार लावायला गेलं की ते हातभर सरकायचं आणि अडायचं. माणसं आली, ढकलाढकली झाली. टायरवाल्याने खांदा लावून पाहिला. वाकून रुळाकडे बघायला लागला तसे मिस्त्री वसकन अंगावर आले, "राहू दे! रूळ वाकलाय. करतो मी सावकाश. गाड्या काढा आधी."

टायरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, खाली रुळाकडे पाहिलं आणि तो गाड्या काढायला गेला.

गार वारा शेडमधून आरपार सुटला. माणसं हात चोळत, दाराला शिव्या देत कामाला लागली. मिस्त्रींना मात्र कालपासून पहिल्यांदाच बरं वाटलं. केबिनमध्ये सून शाल गुंडाळून बसली होती आणि माईकवरून "मिस्त्री, दार दुरुस्त करा नाहीतर मला हीटर आणा" म्हणून कुरकुरत होती. कुरकुरू दे. हवा खेळतेय ना. तिसऱ्या दिवशीही रूळ वाकलेलाच राहिला. आपण नेमकं काय करतोय याचा मिस्त्रींनी विचार केला नाही. विचार करायचा म्हटला की त्यांचे हात दुसरंच काहीतरी शोधायला लागायचे.

चौथ्या दिवशी, महिन्याच्या शेवटच्या दुपारी, साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं. पेटीवाल्या बाई आल्या होत्या. सून केबिनच्या दारात उभी होती. साहेबांचा चेहरा खुलला होता.

"मिस्त्री, जिंकलात! पहिल्या दिवशीचा आकडा तेवढा जास्त होता. पण नंतरचे दोन्ही दिवस जवळजवळ रस्त्यावरच्या हवेइतकेच. पहिल्या दिवशी डब्याचंच काहीतरी झालं असणार. रुमाल खरा ठरला!"

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

"एवढा फरक पडायला नको," त्या म्हणाल्या. "काका, या दोन दिवसांत काही वेगळं झालं होतं का?"

 दार दोन दिवस उघडं होतं हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण मिस्त्रींच्या आधी कोण तोंड उघडणार?

"दार जरा बिघडलं होतं," साहेबच म्हणाले. "त्याने काय होतंय? ते आता दुरुस्त होईल, उद्यापासून बंद. मिस्त्री, तुम्ही या कागदावर सही करा. तिन्ही दिवस रोजच्यासारखंच काम चाललं, एवढंच आहे त्यात. आजच पुढे पाठवतो, म्हणजे सोमवारपासून बाकीच्या डेपोंत सुरू."

मिस्त्रींनी पेन घेतलं. बोटांना ग्रीस होतं, पेन निसटत होतं. त्यांनी ते पँटला पुसलं.

"बाबा," मागून सून म्हणाली. "मुख्य कार्यालयातून फोन होता. आज पाचपर्यंत कळवायचंय. मग मी इथेच राहते म्हणून सांगून टाकू ना?"

तिने साधाच प्रश्न विचारला होता. भाजीत मीठ घालू का, असं विचारतात तसा. त्यांच्यावर तिचा विश्वास होता, दुसरं काय! मिस्त्रींनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

"तू तिकडे जा," ते म्हणाले. "आत्ता फोन कर. उद्यापासून जा."

"अहो, पण तुम्हीच तर—"

"मी चुकलो. रुमालाला कळत नाही ते. बाईंचा पहिला आकडा खरा आहे." मग ते साहेबांकडे वळले. "दार बिघडलं नव्हतं. मी रुळात बोल्ट ठोकला होता."

साहेबांनी रुळाकडे पाहिलं. "बोल्ट? कशासाठी?"

"आत माझी सून बसते, साहेब. सहावा महिना आहे तिला."

 सुनेने तोंडावर पदर नेला, तिचे डोळे भरून आले. बाईंनी हळूच आपली वही उघडली. मिस्त्रींच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. एवढं बोलायला चार दिवस लागले, पण बोललो एकदाचं. त्यांनी मान वर केली.

समोर टायरवाला उभा होता. पुढ्यात चाक, चाकावर कोपर टेकलेलं. बावीस वर्षं तो मिस्त्रींच्या हाताखाली होता. रुमालाच्या वेळी आकडे मोजताना गाडीत बसून पाय दाबायचा तो नेहमी हाच.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आठ महिने आम्हीपण आतच होतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मिस्त्रींना उत्तर देता आलं असतं.

"मला तुम्ही सिगारेट सोड म्हणालात, खोकला जाईल म्हणून. मी सोडली. बायकोला सांगितलं, मिस्त्री सांगतात ते उगीच नसतं." त्याने दाराकडे हात केला. "परवा रुळातला बोल्ट मी बघितला होता. मला वाटलं, मिस्त्रींच्या डोक्यात काहीतरी असेल. आमच्यासाठी असेल."

"तुम्हाला सांगायला हवं होतं मी," मिस्त्री म्हणाले.

"हो," टायरवाला म्हणाला.

मग त्याने चाक उभं केलं आणि ढकलत ढकलत दाराबाहेर पटांगणात नेलं. बाहेर उन्हात भिंतीला टेकवलं आणि परत येऊन आपली हत्यारांची पेटी उचलून नेली. वायरमनने त्याच्याकडे पाहिलं आणि आपलं टेबल एका बाजूने धरलं, दुसरी बाजू गाड्या धुणाऱ्याने धरली. एकेक करून सगळेच उठले. घाई कुणीच केली नाही. साहेब "अरे, अरे, हे काय चाललंय?" म्हणत त्यांच्यामागून बाहेर गेले. बाईंनी केबिनमधली पेटी उचलली आणि त्याही निघाल्या. जाताना त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिला बाहेर नेऊन एका खुर्चीवर बसवलं.

शेड रिकामी झाली. पटांगणात माणसांनी गारठ्यातच कामं मांडली, कुणीतरी काहीतरी बोललं, कुणी खोकलं. मिस्त्री दारापर्यंत आले आणि रुळाच्या अलीकडे उभे राहिले. कुणीतरी हाक मारेल म्हणून ते बराच वेळ तसेच थांबले होते.